चौकातली हिरवी पाटी

आमच्या गावाला दोन गोष्टींचा फार अभिमान. एक वीज केंद्राची चिमणी आणि दुसरा माझा नवरा. दोन्ही अखंड चालू असतात आणि दोन्हींतून जे बाहेर पडतं त्याचं करायचं काय, हे अजून कुणाला ठरवता आलेलं नाही.

नवरा पेशाने वकील. गावात त्यांना ‘मुद्दा’ म्हणतात, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य ‘मुद्दा असा आहे’ इथून निघतं. पोचतं कुठे, ते विचारू नये. मी त्यांना वकीलसाहेब म्हणते आणि त्यांना ते कौतुक वाटतं. चौकात आमचं दुमजली घर आहे. खाली माझं औषधांचं दुकान, वर आम्ही तिघं: ते, मी आणि सासूबाई. दुकान झकास चालतं. खोकल्याची बाटली आणि दम्याचा पंप, या दोन वस्तूंवर आमचं घर उभं आहे. वकिली आपली कोट वाळत घालण्यापुरती.

सासूबाईंची सगळी नोकरी बसस्थानकात गेली, चौकशीच्या खिडकीत. समोर भली मोठी पाटी, त्यावर सगळ्या बसच्या वेळा, आणि तरी लोक खिडकीशी येऊन विचारणार, बस कधी आहे हो. त्या न चिडता सांगायच्या, पाटीवर लिहिलंय, वाचा. त्यामुळे पाटीवर त्यांचा जो विश्वास आहे तो त्यांचा देवावरही नाही. छातीत दमा घर करून बसलेला. बाहेर पडावं की न पडावं, हा त्यांचा रोजचा प्रश्न. हवा बरी असली की काठी घेऊन मैत्रिणीकडे जायचं, पत्त्यांचा डाव टाकायचा, संध्याकाळी परत. हवा वाईट असताना गेल्या तर दवाखाना. म्हातारपणी त्यांना हवं होतं ते एवढंच, की आज जाऊ का, हे कुणीतरी नक्की सांगावं.

आता भांडणाकडे येते. सरकारी नियम असा, की कोळशाचा धूर चिमणीतून सोडण्याआधी यंत्रात धुऊन काढायचा. यंत्र महाग. म्हणून केंद्राने मुदत मागितली, सरकारने दिली. मुदत संपली, पुन्हा मागितली, पुन्हा दिली. हे घोंगडं इतकी वर्षं भिजत पडलंय की नियम जन्मला तेव्हा रांगणारी पोरं आता माझ्या दुकानात स्वतः येऊन पंप मागतात. दर मुदतवाढीला जाहीर सुनावणी होते. केंद्राचे जनसंपर्क अधिकारी सांगतात, यंत्र बसवलं तर वीज महागेल. लॉजवाले काका, म्हणजे व्यापारी मंडळाचे अध्यक्ष, सांगतात, केंद्र बंद पडलं तर गावात कुत्रं फिरकणार नाही. कंत्राटी मजुरांचा मुकादम उभा राहतो आणि म्हणतो, माझ्या माणसांची चूल तिथल्या हजेरीवर पेटते. याचं तेवढं खरं असतं. शहरातून चारदोन माणसं तोंडाला फडकी बांधून येतात, चिमणीसमोर फोटो काढतात आणि संध्याकाळच्या गाडीने आपल्या स्वच्छ हवेत परत जातात. आणि आमचे वकीलसाहेब सगळ्यांच्या वर. मुद्दा असा आहे की श्वास हा नागरिकाचा हक्क आहे. टाळ्या. पुढच्या सुनावणीपर्यंत विषय संपला.

गेल्या खेपेला मात्र त्यांनी खरोखरच काहीतरी मिळवलं. यंत्र बसेपर्यंत चौकात हवेची पाटी लावायची, अशी अट त्यांनी मुदतवाढीत घालून घेतली. हवा मोजणारी पेटी आमच्याच गच्चीवर बसवली आणि आकडा दाखवणारी पाटी समोर चौकात. हवा चांगली तर हिरवी, बेताची तर पिवळी, वाईट तर लाल. सलग काही दिवस लाल राहिली तर केंद्राने वीज बनवणारा एक संच बंद ठेवायचा. पाटी लागली त्या दिवशी सासूबाईंनी आपली खुर्ची खिडकीशी ओढून घेतली. लेकाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, शहाणा आहेस रे. मलाही, खोटं कशाला बोलू, नवऱ्याचा अभिमान वाटला होता.

पाटी लाल झाली आणि लालच राहिली. अधूनमधून पिवळी व्हायची, वारा फिरला तर एखादे दिवशी हिरवी. सासूबाई त्या एका दिवसाची वाट बघायच्या, हिरवा दिवा दिसला की चपला घालायच्या. डाव बुडत होते, पण दवाखाना सुटला होता.

गावाला मात्र पाटी सोसेना. चिमणी दिसत होती तेव्हा कुणाचं काही बिघडलं नव्हतं. आकडा दिसायला लागला आणि सगळ्यांची नाकं वर झाली. लॉजवाले काका म्हणाले, गिऱ्हाईक पाटी बघून चौकातूनच गाडी वळवतं. प्लॉटवाले म्हणाले, जमिनीचे भाव पडले. एक संच बंद झाला आणि मुकादमाची निम्मी माणसं घरी बसली. ती आमच्याच जिन्यावर येऊन बसली, नुसती बसून राहिली. ज्या गावाने पाटीसाठी घोषणा दिल्या त्याच गावाने पाटी काढा म्हणून सह्या केल्या. वकीलसाहेबांना लोकांचं प्रेम फार लागतं. ते आटायला लागलं तशी त्यांची झोप उडाली. दिवसभर खालीवर फेऱ्या घालायचे. मग एक दिवस सगळ्या मंडळींची केंद्राच्या विश्रामगृहात बैठक झाली आणि ते घरी आले ते शीळ घालत. मधला मार्ग निघाला म्हणाले. कोणता, ते मी विचारलं, तर म्हणाले, तांत्रिक आहे. दुसऱ्या दिवशी दोन माणसं आली आणि गच्चीवरची पेटी दुरुस्तीला म्हणून घेऊन गेली.

पाटी हिरवी झाली आणि हिरवीच राहिली.

मला नवल वाटलं. वकीलसाहेब म्हणाले, केंद्राने कोळसा बदलला. माझ्या दुकानात पंपांचा खप होता तेवढाच होता, पण आधीचं दुखणं निस्तरायला वेळ लागतो, अशी मी स्वतःची समजूत घातली. सासूबाई तर हरखून गेल्या. रोज बाहेर. मैत्रिणीकडे, वाचनालयात, बाजारात. रात्री खोकल्याची उबळ यायची, तर म्हणायच्या, वय झालं, हवा काय करणार. वकीलसाहेब एकदोनदा पुटपुटले, आज राहू दे आई. त्यांनी विचारलं, का? यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

मग वकीलसाहेबांचा सत्कार ठरला. संघर्षातून समन्वय, असं काहीतरी त्या कापडी फलकावर लिहिलं होतं. केंद्राच्या फाटकासमोरच्या मैदानात मांडव, पुढे सोफे, हारतुरे. मी दुकान उघडं ठेवलं, सत्कार मला पुष्कळ घरबसल्या दिसतात. सासूबाईंनी मात्र ठेवणीतलं पातळ नेसलं. रिक्षा करते म्हटलं तर म्हणाल्या, लेकाचा सत्कार आहे, हवा हिरवी आहे, मी चालत जाणार. काठी टेकत, चौकात थांबून पाटीकडे एकदा बघून, त्या निघाल्या. मैदानाच्या अलीकडे त्यांचा श्वास कोंडला. रस्त्यातच बसल्या. एका टेम्पोवाल्याने त्यांना उचलून दवाखान्यात नेलं. तेव्हा माइकवर वकीलसाहेब सांगत होते की मुद्दा असा आहे की संवादाने प्रश्न सुटतात.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला फैलावर घेतलं. अशा हवेत या बाईंना बाहेर सोडलंच कसं? मी म्हटलं, पाटी हिरवी होती. बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू म्हणत होत्या, औषधांचं दुकान चालवणाऱ्या बाईने इतकं बावळट असू नये. मी वळले. मागे वकीलसाहेब उभे होते, गळ्यात हार तसाच. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून मी त्यांना व्हरांड्यात ओढलं. तेव्हा कळलं की आमच्या गच्चीवरची पेटी आता टेकडीपलीकडे अधिकाऱ्यांच्या वसाहतीत, केंद्राच्या मोठ्या साहेबांच्या बंगल्याच्या बागेत आहे. झाडांच्या मध्ये. आजूबाजूला दिवसभर पाण्याचे फवारे. पाटी चौकात, हवा बागेतली.

“आकडा खोटा नाहीये,” ते म्हणाले. “फक्त इथला नाही.”

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. आईला पुन्हा पुन्हा जाताना बघितलंत आणि तोंड उघडलं नाहीत, असं मी विचारलं. ते म्हणाले, मजुरांचे रोज बुडत होते, तू जिन्यावर त्यांची तोंडं बघितलीस ना. बघितली होती. पण मजुरांचे रोज बुडवून केंद्राच्या यंत्राचा खर्च वाचवायचा, हे ठरवणाऱ्यांना एक शब्द न विचारता यांनी आपल्या आईचा श्वास परस्पर देऊन टाकला. मधला मार्ग म्हणजे हा.

सासूबाई वाचल्या. घरी आल्या, खाटेवर पडून असायच्या, तोंडाशी प्राणवायूची नळी, खिडकीच्या काचेतून पाटीकडे डोळे. त्यांना आम्ही काही सांगितलं नाही. मी म्हटलं होतं, सांगायचं असेल तर लेकाने सांगावं.

आठवड्याने मंडळी विचारपूस करायला आली. जनसंपर्क अधिकारी सफरचंदांची करंडी घेऊन, लॉजवाले काका पुष्पगुच्छ घेऊन, मुकादम नुसता. दिवस उन्हाळ्याचे, खोली लहान, खिडक्या घट्ट लावलेल्या. पंखा गरम हवा ढवळत होता. अधिकारी रुमालाने मान पुसत होते. काकांच्या सदऱ्याची पाठ भिजली होती. चहा दिला तर कुणी घेईना.

सासूबाईंनी तोंडावरची नळी बाजूला केली. “अगं, पाहुणे घामाघूम झालेत. खिडकी उघड. पाटी हिरवी आहे.”

मी उठले. कडीवर हात ठेवला आणि पाहुण्यांकडे वळून विचारलं, उघडू?

“राहू द्या वहिनी,” अधिकारी म्हणाले. “आईंना त्रास होईल.”

“कशाचा?”

ते लॉजवाले काकांकडे बघायला लागले. काका म्हणाले, धूळ असते हो, वाऱ्याची. बाहेर पान हलत नव्हतं. मुकादम आपल्या पायांकडे बघत होता. लाज त्या एकट्यालाच वाटली, हे मी त्याच्या बाजूने नोंदवते. बाकीचे, ज्यांनी विश्रामगृहात बसून ही हवा हिरवी केली होती, त्यांच्यातला एकही माणूस तिचा एक घोट घ्यायला तयार नव्हता.

सासूबाई एकेकाच्या तोंडाकडे बघत गेल्या. जन्मभर खिडकीत बसून माणसं वाचलेली बाई. शेवटी नजर लेकावर थांबली.

“अरे, तू सांग. उघडायची की नाही?”

“मुद्दा असा आहे, आई,” वकीलसाहेब म्हणाले, आणि थांबले. इतक्या वर्षांच्या संसारात ते वाक्य अर्ध्यावर तुटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मग म्हणाले, “नको उघडू.”

“पाटी हिरवी आहे.”

“हो.”

“तरी नको?”

“नको.”

सासूबाईंनी पाटीकडे एकदा बघितलं. मग नळी हातात धरूनच, दम घेत घेत म्हणाल्या, “आमची बस लेट असली की आम्ही पाटीवर लेट लिहायचो. लोक शिव्या द्यायचे. मला द्यायचे. पण उन्हात जाऊन उभे तरी राहायचे नाहीत.”

मंडळी उठली. करंडी खाटेखाली राहिली, ती मी मुकादमाच्या हातात दिली.

मला वाटलं होतं, आता वकीलसाहेब काहीतरी करतील. पाटी बंद करतील, अर्ज ठोकतील, निदान चौकात उभे राहून खरं बोलतील. मीच भाबडी. पाटी आजही हिरवी आहे आणि केंद्राला पुढची मुदत मिळाली आहे. फरक एवढाच झाला, की सासूबाईंनी पाटीच्या बाजूचा पडदा ओढून घेतला. रोज सकाळी त्या लेकाला हाक मारतात आणि विचारतात, आज कसं आहे? ते गच्चीवर जातात, चिमणीकडे बघतात, वारा कुठला ते बघतात, खाली येऊन सांगतात. आईला मात्र खरं सांगतात. घरात लाल आणि चौकात हिरवी, असा त्यांचा समन्वय चालला होता.

तो मी मोडला. एका सकाळी दुकानात एक बाई आली, कडेवर धापा टाकणारं पोर. पंप घेतला आणि विचारलं, पाटी तर हिरवी आहे, याला बाहेर नेलं तर चालेल ना? मी म्हटलं, वर जा. वकीलसाहेबांना विचारा. आमच्याकडे चौकशीची खिडकी आहे.

त्या दिवशी ती एकटीच वर गेली. आता सकाळी जिन्यावर रांग असते. सासूबाई शेजारी खुर्ची टाकून बसतात, आणि त्यांच्यादेखत वकीलसाहेबांना मुद्दा सापडत नाही. हो किंवा नाही, एवढंच सांगावं लागतं. काका रागावले आहेत, अधिकाऱ्यांनी येणं सोडलंय. काल रांगेत त्याच अधिकाऱ्यांची बायको होती. मुलाचा हात धरून, मान खाली घालून. गावातल्या शाळेत सोडू का, विचारायला आली होती.

“आज नको,” वकीलसाहेब म्हणाले, आणि ती मुलाला घेऊन परत गेली.