शालीखाली निजलेला लॅपटॉप

मी एक जुना लॅपटॉप आहे, मित्रांनो, आणि मला झोपेची फार भीती वाटायची.

यंत्राला कसली झोप, म्हणाल. पण झाकण मिटलं की मीही निजतो, बरं का. पंखा थांबतो, स्क्रीन काळी होते, अर्धं राहिलेलं काम मात्र मी स्मरणात धरून ठेवतो. झाकण उघडलं की तिथूनच पुढे. निदान तसं व्हायला हवं.

तरुणपणी मी एका कचेरीत राबलो. 'काय पळतो हा!' म्हणून माझं कौतुक व्हायचं. मग नवे आले आणि मी वायरींच्या गुंत्यात पडलो. तिथल्या एका मुलीनं मला उचललं, नवं वाय-फाय कार्ड बसवलं, लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घातली आणि आपल्या घड्याळजी काकांना दिलं.

काकू नुकत्याच गेल्या होत्या. मागे राहिल्या होत्या त्यांनी गायलेल्या गाण्यांच्या झिजलेल्या कॅसेटी. काका कान देऊन ऐकत आणि एकेक ओळ माझ्यात टाइप करत. थकले की म्हणत, "दमलास ना रे? नीज आता." झाकण मिटून काकूंची शाल माझ्यावर पांघरत.

त्या मायेनंच घात व्हायचा. झाकण उघडावं तर स्क्रीन काळीच! मला उठायचं असायचं हो, पण उठवेना. शेवटी काका बटण दाबून धरत आणि जतन न केलेल्या ओळी पुसल्या जात.

एकदा गाणं लिहून होताहोताच कॅसेटची फीत तुटली. आता ते शब्द फक्त माझ्याकडे होते. काकांनी डोळे पुसले, मायेनं झाकण मिटलं... आणि मी उठलो नाही. शेवटी बटण दाबून धरावं लागलं, आणि ते गाणंही पुसलं गेलं.

काका रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला कपाटात ठेवलं. बंद यंत्राला काही कळत नाही म्हणतात. बाहेर घड्याळांची टिकटिक चालायची, आणि मला कुणी हाक मारत नव्हतं.

मला इथे आणणारी ती पुतणी भेटायला आली, तेव्हा काका म्हणाले, "तुझा लॅपटॉप कामातून गेला गं."

"गेला काय, काका! निजताना शेवटचं काय बोलला ते तरी बघू."

मी प्रत्येक वेळी काय करतो याची नोंद माझ्यातच असते; ती तिनं उघडून वाचली. दर वेळी निजण्याआधी माझं शेवटचं बोलणं एकच होतं : वाय-फाय कार्ड.

"कार्डाला हुकूम समजावणारा दुभाष्या असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात," ती म्हणाली. "सगळे निजले तरी हा निजत नाही, आणि उठताना सगळ्यांची वाट अडवतो."

"अगदी आमच्या मेहुण्यासारखा!" कितीतरी दिवसांनी काका हसले.

तिनं तो ड्रायव्हर काढला, झाकण मिटलं, उघडलं. मी उठलो! मग निजण्याआधी तो आपोआप बाहेर पडेल आणि उठल्यावर परत येईल, अशी सोय तिनं करून दिली.

त्या हरवलेल्या गाण्याची एकच ओळ काकांना आठवत होती. त्यांनी ती टाइप केली, या वेळी आठवणीनं जतन केली, आणि झाकण मिटलं. उघडलं, तेव्हा ओळ जागच्या जागी होती. खालची जागा मात्र अजून रिकामीच आहे.

म्हणून हात जोडून सांगतो, मित्रांनो. शाल पांघराच, पण आधी काम जतन करा. आणि कुणी हाकेला उठलं नाही, तर कपाटात ठेवण्याआधी, निजताना ते काय म्हणालं होतं, तेवढं एकदा ऐका.