तिसऱ्या दिवशीचा दगड

"ते हिरवं माझं आहे, आत्या. गोट्याला देऊ नकोस, तो लगेच फोडेल."

आत्याने हिरवं अंडं मुकाट्याने चिंगीपुढे सरकवलं. शनिवारची संध्याकाळ होती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर रंगाचे पेले मांडले होते आणि तीन वर्षांचा गोट्या कोपरापर्यंत निळा झाला होता. ईस्टरच्या आदल्या दिवशी हा उद्योग दरवर्षी मुलांची आई करायची. काल, ऐन गुड फ्रायडेला, तिला पुरून आले होते. अंडी रंगवणं आत्याच्या अगदी जिवावर आलं होतं. पण पोरांचा सण बुडवायचा नाही, असं वहिनीने हॉस्पिटलातून बजावलं होतं, आणि मेलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही.

मुलांचा बाप गवंडी. गल्लीत सगळे त्याला मिस्त्रीच म्हणत. लोकांच्या भिंती सरळ करता करता त्याची स्वतःची पाठ वाकली होती. तो आत आला आणि मोरीत हात धुवायला लागला.

"झालं?" आत्याने विचारलं.

"झालं, ताई. कबरीवर दगड बसवला. चारी बाजूंनी सांधे भरलेत. आता कुणाचा बाप आला तरी हलायचा नाही."

हे सांगताना त्याला जरा बरं वाटलं. बायकोच्या आजारपणात त्याला करण्यासारखं काहीच नव्हतं. नुसतं खाटेपाशी बसायचं आणि डॉक्टरांना 'हो' म्हणायचं. कबर त्याच्याच हातची, आतून विटांनी बांधलेली. त्यामुळे माती बसायची वाट पाहायची गरज नव्हती. निदान दगड तरी मनासारखा बसवता आला.

चिंगीने ब्रश खाली ठेवला.

रविवारी सकाळी उठून मिस्त्रीने मुलांनी शोधावीत म्हणून अंडी लपवली. म्हणजे काय केलं, तर ओसरीच्या कट्ट्यावर सगळी एका ओळीत, सारखं अंतर सोडून मांडली. आत्याने कपाळावर हात मारला. "अरे, लपवायची असतात ती! रांगेत काय उभी केलीस?" तीन दिवसांत पहिल्यांदाच तिला हसू आलं. गोट्याने तेवढ्यात दोन फोडलीसुद्धा.

चिंगी मात्र दारापाशी बूट घालून उभी होती. बापाच्या पिशवीतली छिन्नी आणि हातोडी तिने पोटाशी धरली होती. वजनाने ती पुढे झुकली होती.

"कुठे निघाली आमची मिस्त्रीण?"

"दगड काढायला."

आत्याचं हसू मावळलं. "कसला दगड, बाळा?"

"आज तिसरा दिवस आहे ना! येशूला पण शुक्रवारीच कबरीत ठेवलं होतं आणि रविवारी तो उठला. संडे स्कूलच्या बाई म्हणाल्या, जे विश्वास ठेवतात ते पण उठणार. आई ठेवायची की नाही विश्वास?"

"ठेवायची गं, पण..."

"येशूचा दगड नुसता लोटलेला होता. पप्पांनी सिमेंट लावलंय!" ती बापाकडे वळून किंचाळली. "तुम्ही कोंडलंय तिला!"

मिस्त्रीने तिच्या हातातली हातोडी घेतली. "चल."

"डोकं फिरलंय का तुझं?" आत्या म्हणाली. "लहान आहे ती. काहीतरी सांग, समजूत घाल."

"काय सांगू, ताई?"

आत्या दारातून बाजूला झाली.

घंटा वाजत होती आणि इस्त्रीचे कपडे घातलेली माणसं चर्चकडे चालली होती. हे दोघे मागच्या फाटकाने कबरस्तानात शिरले. मिस्त्री गुडघ्यावर बसला आणि कोपऱ्यातल्या सांध्यावर त्याने छिन्नी धरली. सिमेंट अजून कच्चं होतं, चार घावांत निघालं. दोन बोटं जातील एवढी फट पडली. सांगायला लाज वाटावी, पण क्षणभर त्यानेही कान दिला.

चिंगी पालथी झोपली आणि फटीला तोंड लावून म्हणाली, "आई, ये आता. उघडलंय."

चर्चमधलं गाणं सुरू झालं, संपलं, दुसरं सुरू झालं.

"पप्पा, जोरात ढकला ना."

"ढकललं तरी ती येणार नाही, चिंगे."

"उद्या?"

"उद्याही नाही. आपण जिवंत आहोत तोवर नाही. पुढचं मला ठाऊक नाही."

तिने दोन्ही मुठींनी त्याच्या छातीवर मारायला सुरुवात केली. तो मार खात बसला. "मग दगड लावलाच कशाला?"

"पाणी जाऊ नये म्हणून. तिला गारठा सोसायचा नाही ना."

बोलताना आपण काय बोलतोय हे त्यालाच कळलं, आणि तो पोरीला छातीशी धरून हमसाहमशी रडला. पुरताना रडला नव्हता.

कबरस्तानाचा राखणदार झाडू घेऊन येत होता. तो जवळ येऊन थांबला. "अहो मिस्त्री, कोपरा उखडला की! उद्या भरून टाका."

"भरतो."

चिंगीने त्याची कॉलर गच्च पकडली. "नको ना, पप्पा. एवढंसं राहू दे."

मिस्त्रीने फटीकडे पाहिलं. सिमेंटचे तुकडे तळहाताने गोळा करून त्याने खिशात टाकले.

"राहू द्या," तो राखणदाराला म्हणाला.

"अहो, पाणी जाईल आत."

"जाऊ द्या," मिस्त्री म्हणाला, आणि मुलीला उचलून फाटकाकडे चालू लागला.