इदोनियाचं वय

इदोनियाला मी अंगावर पाजलं, तेव्हा तिची गोष्ट सांगायचा हक्क माझाच. बाप गेला तेव्हा ती धड बोलतही नव्हती. हार्टमेरची शेतं, गिरणी, तळं, ओकचं रान, सगळ्याची ती एकटी वारस. ती सोळाची होऊन कायद्याने सज्ञान होईपर्यंत राजाने सगळं सर फुल्कच्या ताब्यात दिलं आणि त्याने ते ओरबाडून खाल्लं. तळं रिकामं केलं, मग रानाला कुऱ्हाड लावली.

सोळा पुरी होताच इदोनियाने जमीन मागितली. फुल्क म्हणाला, पोर अजून चौदाची आहे. असल्या वादात आमच्याकडे आसपासच्या बारा जणांची साक्ष लागते. मग ती चिखल तुडवत घरोघर फिरली. मी जन्मले त्या दिवशी तुमच्याकडे काय घडलं, एवढंच विचारायची. अकरा जण तयार झाले. बारावा होता वॉरिन, फुल्कचाच रानराखा. त्याच्या आईला त्याच दिवशी माती दिली होती. पण इदोनिया त्याच्या दारात जाईना.

"त्याची चूल विझेल गं. माझ्यापायी नको," म्हणाली.

राजाचा अधिकारी साक्षी ऐकायला आला. चर्चमध्ये माणसं मावेनात. म्हाताऱ्या हॅमोने सांगितलं, सोळा वर्षांमागे पूल वाहून गेला त्या साली, ही जन्मली त्याच दिवशी, हिच्या बाप्तिस्म्याच्या घंटा ऐकून वळून बघायला गेलो आणि गवताच्या गंजीवरून पडून तंगडी मोडली.

फुल्क हसला. "म्हणजे हिचं वय आता तुझी तंगडी सांगणार?"

"होय साहेब. थंडी पडली की रोज सांगते."

अधिकाऱ्यालासुद्धा हसू आवरेना. अकरा साक्षी झाल्या. बारावा कोण, असं त्याने विचारलं. मग खुद्द फुल्कच्या मागून वॉरिन पुढे आला.

"त्या दिवशी मी आईला पुरलं," तो म्हणाला. "हिच्या बापाने घरातला आनंद सोडून माझ्याबरोबर खांदा दिला. सोळा वर्षं झाली त्याला, साल मी कसं विसरेन?"

निकाल तिथेच लागला. फुल्क जेवायलाही थांबला नाही.

इदोनिया घोड्यावर बसली ती थेट रानात. लाकूडतोडे एका जुन्या ओकवर घाव घालत होते.

"कुऱ्हाडी खाली ठेवा," ती म्हणाली. "रान माझं आहे. आणि राखा वॉरिनच राहील."

संध्याकाळी बापाच्या खुर्चीत बसून तिने वाटाण्याचं कढण दोनदा मागून घेतलं. इतकी पोटभर जेवताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.