जेलचा आक्रसलेला तुकडा

धम्मानंदने काचेच्या नळीतून जेलचा तुकडा अलगद बाहेर काढला, व्हर्नियरमध्ये धरला आणि आकडा पाहून स्वतःशीच मान डोलावली. काल यंत्रात घालण्याआधी त्याने तो गुपचूप मोजला होता. तेव्हा उंची दहा मिलिमीटर होती. आज आठ भरली.

नांदेडच्या त्या प्रयोगशाळेत तो अठ्ठावीस वर्षं परिचर होता. हे वाळवलेलं जेल बत्ताशाहून हलकं, शंभरात पंच्याण्णव भाग नुसती पोकळी. यंत्र कडाक्याच्या थंडीत त्यात नायट्रोजन सोडतं आणि किती मावला त्यावरून छिद्रं मोजतं. संशोधन करणाऱ्या दामिनीच्या जेलमध्ये यंत्राने तिसऱ्यांदा अपेक्षेच्या निम्मीच पोकळी दाखवली. जेलच फसलंय, पहिल्यापासून करा, असं तिचे मार्गदर्शक मल्लिनाथ सरांनी सांगून टाकलं. पोरीची दोन वर्षं पाण्यात जाणार होती. काळजीपायी कालपासून तिने जेवणाचा डबा उघडला नव्हता.

मोजून झालेले तुकडे सगळे कचऱ्यात टाकत. धम्मानंदला मात्र किनवटच्या वसतिगृहात असल्यापासून खोड, कुठलीही वस्तू टाकण्याआधी उलटसुलट बघायची. त्यावरून बायको रेणुका त्याला रोज बोलते. मागच्या खेपेला तुकडा बारका वाटला तो या खोडीपायीच. पण परिचराने सरांना जेलमधलं काय सांगावं? दुपारपर्यंत तो काचेची भांडी धूत राहिला. मग दामिनीचा उतरलेला चेहरा बघवेना, तेव्हा उठला.

"सर, जेल चांगलं हाय. मोजता मोजता दबून राहिलंय ते."

सर हसले, मग आकडे बघून त्यांनी कागदावर हिशेब मांडला: तिन्ही बाजूंनी दहाचे आठ, म्हणजे आकारमान जवळपास निम्मं. छिद्रांत शिरलेल्या नायट्रोजनचा द्रव होतो, तो भिंतींना आत ओढतो आणि मऊ जेल आक्रसतं, हे ते स्वतःच वर्गात शिकवत. तुकडा बाहेर काढून बघायचं मात्र त्यांनाही सुचलं नव्हतं. त्यांनी दुसरा तुकडा लावायला सांगितला आणि आधी-नंतरची मापं धम्मानंदलाच घ्यायला लावली. दुसऱ्या दिवशी तीच गत निघाली. जेल निर्दोष होतं.

"काका, मी जेवून येते," दामिनी डोळे पुसत म्हणाली.

"आधी यांची सही घ्या," सर म्हणाले.

नोंदवहीत मोजणाऱ्याच्या सहीचा रकाना असतो. इतकी वर्षं मापं धम्मानंद घेई आणि सह्या मुलं करत. त्याला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. आज वाटलं. त्याने हात ॲप्रनला पुसले आणि हजेरीपटावरची आखूड सही न करता, बापाच्या नावासकट पूर्ण नाव लिहिलं.