तिसरा खांब

"वरून सोला, सावकाश. मधोमध घाव घालू नका," माईंनी ठेकेदाराला पुन्हा बजावलं आणि प्लास्टिकची खुर्ची हातभर पुढे ओढली.

ठेकेदाराने मान डोलावली. म्हाताऱ्या माणसाशी कोण वाद घालणार! शिवाय त्या खांबाची गोष्ट त्याच्याही कानावर आली होती. कारखान्याचे मजले, छत, भिंती सगळं उतरवून झालं होतं. मोकळ्या जागेत हा एकटाच उरला होता, दोघांच्या कवेत न मावणारा. मजुरांनी त्याला मुद्दाम शेवटासाठी ठेवला होता. आत माईंचे वडील आहेत म्हणतात, उगाच कशाला आधी हात लावा.

शेजारच्या खुर्चीत माईंचे थोरले भाऊ, दादा, काठीवर हनुवटी टेकून बसले होते. ते इस्त्रीचा सदरा घालून आले होते.

कारखाना बांधला तेव्हा इकडे काँक्रीट कुणी पाहिलंच नव्हतं. चिखल ओतून इमारत उभी राहते यावर कोण विश्वास ठेवणार? साच्याच्या फळ्या काढल्या त्या दिवशी मालक स्वतः बायकोमुलांसकट छताखाली जेवायला बसला, तेव्हा कुठे माणसं आत शिरली. मुकादमाने तर एकच गोष्ट डोक्यात पक्की धरली होती. ओतायला घेतलेला खांब भरेपर्यंत हात थांबवायचा नाही. थांबलं की सांधा राहतो, आणि सांधा राहिला की खांब गेला. तिसरा खांब भरताना कुणीतरी ओरडलं, वरच्या फळीवरचा माणूस दिसत नाही. मुकादम म्हणाला, आधी खांब भरा, मग माणसं मोजा. खांब भरला. माणसं मोजली तर एक कमी. तो यांचा बाप. दादा तेव्हा पाच वर्षांचे होते आणि माई पाळण्यात.

आता भरलेला खांब फोडायचा म्हणजे वरचा डोलारा कशावर उभा करायचा? मालकाने तो फोडला नाही, पण लोकांच्या तोंडाला तो घाबरला. त्याने यांच्या आईला त्याच खांबाजवळ, सुताच्या रिळांच्या खात्यात कायमचं काम दिलं, राहायला दोन खोल्या दिल्या. त्या कामावर घर चाललं, दादा शिकले, माईंचं लग्न झालं.

दादांनी या गोष्टीवर जन्मभर मान ताठ ठेवली. आमच्या बापाच्या जिवावर कारखाना उभा आहे, असं ते जावयांनासुद्धा ऐकवायचे. माईंना मात्र त्या गोष्टीने कधी सुखाने झोपू दिलं नाही. नाकातोंडात ओला माल जातोय असं वाटून त्या दचकून उठायच्या. थंडीतही त्यांना चादर तोंडावरून घेता आली नाही. नातवंडं खेळता खेळता एकमेकांना वाळूत पुरायला लागली, की आजी अंगावर धावून जायची आणि पोरं बिचारी बघत राहायची.

पुढे कारखान्याचेही दिवस फिरले. सूत बाहेरून स्वस्तात यायला लागलं, यंत्रं भंगारात गेली. छतात पाणी मुरलं, सळया गंजून फुगल्या, पोपडे खाली पडू लागले. शेवटी शेवटी लोक पुन्हा त्या छताखालून जायला भिऊ लागले.

खांब फोडणाऱ्या यंत्राची चोच थांबली. धूळ खाली बसली. ठेकेदार तोंडावरचा रुमाल सोडत जवळ आला.

"सळया आणि खडी आहे, माई. कमरेएवढा उरलाय, त्यालाही भोकं पाडून बघितली. आरपार भरीव आहे."

"नीट बघितलंत?" दादांनी विचारलं.

"माझ्या हाताने बघितलं."

माईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी पदर डोळ्यांना लावला, पण रडूही येत होतं आणि हसूही.

"पळपुटा निघाला म्हणायचा," त्या म्हणाल्या. "बरं झालं बाई. गेला, पण श्वास घेत गेला."

दादांना ते बरं वाटलं नाही. बायको आणि दोन लेकरं वाऱ्यावर सोडून गेला त्यात बरं काय, असं ते धुसफुसत म्हणाले. इतकी वर्षं लोकांना काय काय सांगत आलो, आता तोंड कुठे लपवू? माईंनी त्यांना बोलू दिलं. त्यांची नजर त्या उरलेल्या खांबावर होती.

"दादा, आई जेवायला कुठे बसायची, आठवतं?"

"इथेच. मी शाळेतून यायचो ना. खांबाला पाठ लावून, पाय पसरून बसलेली असायची."

"आणि गुणगुणायची."

"हो, गुणगुणायची."

"नवरा आत आहे म्हटल्यावर कुणी असं पाठ लावून जेवेल का रे?"

दादांनी काठीवरची हनुवटी उचलली आणि खांबाकडे पाहिलं. मालक खात्यात फिरकला की आई डोक्यावर पदर घ्यायची, खांबावर हात ठेवायची, आणि मालक खाली मान घालून पुढे जायचा. हे त्या दोघांनीही पाहिलेलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या मुठीत दोन खोल्या होत्या आणि ही दोघं होती.

माई ठेकेदाराचा हात धरून उठल्या. पिशवीतून घरून आणलेला डबा काढला आणि उरलेल्या खांबाशी जाऊन सावकाश खाली बसल्या. आधी नुसता खांदा लावला, मग पाठ टेकली आणि पाय पसरले.

दादाही काठी टेकत उठले आणि तिच्याजवळ आले. सदऱ्यावरची धूळ त्यांनी झटकली, आणि मग झटकणं सोडून दिलं.

"सरक जरा," ते म्हणाले, आणि काठी खांबाला टेकवून ठेवली.