दादांच्या ओळी

ऑफिसात तिला सगळे वहिनी म्हणत. खरं तर या कंपनीत ती दादांच्या आधी लागली होती, आणि लग्नाआधी तिलाही नाव होतं, टेबलावर त्याची पाटी होती. पण दादांचा गोतावळा मोठा. दादांशी लग्न झालं त्या आठवड्यात कोणीतरी गमतीने वहिनी म्हणून हाक मारली आणि ती जी चिकटली ती चिकटलीच. दादांना जाऊन तीन वर्षं झाली, हाक मागे राहिली. ज्यांनी दादांना पाहिलंही नव्हतं तेही तिला वहिनीच म्हणत. कोणाची वहिनी, हे विचारायची गरज त्यांना पडत नसे.

कंपनी बस आगारांसाठी सॉफ्टवेअर करायची. कोणत्या ड्रायव्हरला कोणती गाडी, कोणाची रजा, कोणाची बदली, सगळं त्यात. वहिनी आणि दादांनीच ते मिळून उभं केलेलं. त्या काळी कोड कागदावर छापून काढत. त्या जोडकागदाची पट्टी टेबलावरून घरंगळत पार जमिनीवर लोळायची. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने पेन्सिल घेऊन ऐकायचं. संगणकाच्या खोलीत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत आणि आत गारठ्याने बोटं आखडत. पण चूक सापडली की दोघं असे काही ओरडायचे, की बाहेरचा शिपाई दार उघडून बघायचा.

आता लिहायचं काम यंत्राकडे गेलं होतं. काय हवं ते साध्या भाषेत सांगायचं, की ते भराभर कोड लिहून समोर ठेवायचं. ऑफिसात त्याला जावईबापू म्हणत, कारण साहेबांपासून सगळे त्याचे लाड पुरवत आणि ते चुकलं तरी तोंडावर कोणी बोलत नसे. वहिनीकडे उरलं होतं ते वाचायचं काम. जावईबापूंनी लिहिलेलं वाचायचं आणि मंजूर करायचं. एक संपवावं तो पुढचं ताट वाढलेलंच.

"आधी लिहून दमायचे, आता वाचून दमते," ती म्हणायची. "लिहून दमलं की झोप तरी लागायची."

"वाचताना मेंदूला निर्मितीचा आनंद मिळत नाही, म्हणून तसं होतं," शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणायची. तिशीची, हुशार, पण न विचारता समजावून सांगायची खोड. म्हणून तिचं नाव पडलं होतं मास्तरीण.

"मेंदूचं राहू दे गं. मान दुखते माझी."

अशाच एका दुपारी, रजांचा कोड वाचता वाचता, वहिनीचा हात थांबला. मधेच एक कमेंट होती. कमेंट म्हणजे यंत्राने सोडून द्यायची ओळ. इथे असं का केलंय, ते पुढच्या माणसाला कळावं म्हणून ती लिहायची असते. ही ओळ अशी होती: 'घाईत आहे. उद्या नीट करतो. शिव्या घालू नये.'

दादा असंच लिहायचे. आपल्या भाषेत, समोर बसून बोलल्यासारखं. आणि सगळं उद्यावर. नळ गळतोय, उद्या. दात दुखतोय, उद्या. छातीत दुखायला लागलं तेव्हा डॉक्टरही उद्याच होते.

"हे कोणी लिहिलं?" तिने विचारलं.

"जावईबापूंनी. आजच सकाळी." मास्तरणीने खुर्ची सरकवली. "ते आजूबाजूचा कोड वाचून त्याच वळणाने लिहितात. आपल्याकडे दादांचा कोड ठायीठायी आहे, म्हणून त्यांची ढब उचललीय."

"शिव्या घालू नये, हेही उचललं?"

"त्यांना त्यातलं काय कळतंय? शेजारी जसे बोलतात तसं आपण बोलायचं, एवढंच."

त्या दिवशी वहिनीला राग आला. मेलेल्या माणसाची नक्कल कसली करतोस, असं यंत्राला म्हणावंसं वाटलं. पण यंत्रावर किती वेळ रागावणार? हळूहळू ती त्या ओळींची वाट बघायला लागली. मंजुरीच्या रटाळ ढिगात मधेच 'हे असं का चालतं ते मला विचारू नका' असं काही निघालं, की तिला एकटीलाच हसू फुटे.

आणि मग ती ओळ सापडली. ताज्या ढिगात नव्हे. काहीतरी दुसरं शोधायला तिने विश्रांतीच्या तासांची फाइल उघडली होती, त्या फाइलच्या पोटात, कोणी जाणार नाही अशा जागी: 'अगं, दमली असशील. इथवर पुरे, पुढचं मी बघतो.'

तिने ती कितीदा वाचली कोण जाणे. अगं म्हणणारा या कंपनीत एकच माणूस होता. कधीतरी, रात्री नाहीतर सुट्टीच्या दिवशी, त्याने तिच्यासाठी ही ओळ इथे ठेवली होती, आणि ती इकडे कधी फिरकलीच नव्हती. खालचा कोड तिला दिसेना. डोळे भरून आले होते. तिने ती ओळ मास्तरणीला दाखवली, फाइल बंद केली, घरी जाऊन लेकीला फोन केला, आणि पुढचे काही दिवस ती जरा ताठ बसून काम करत होती.

महिना संपत आला तेव्हा साहेब तिच्या टेबलाशी आले. साहेब वयाने तिच्या लेकीएवढे, पण बोलताना अदब राखून.

"वहिनी, आगारांच्या वतीने कोड तपासायला माणसं येतायत. त्यांनी 'शिव्या घालू नये' वाचलं तर ते शिव्या मला घालतील. या सगळ्या कमेंट साफ करायच्यात. जावईबापू एका तासात करतील. तुम्ही फक्त मंजूर करा."

"दादांच्या तेवढ्या काढून ठेवते आधी."

"ठेवा ना. कोण नको म्हणतंय? शुक्रवारच्या आत काढून ठेवा."

पण काढणार कशा? पूर्वी प्रत्येक ओळीशेजारी लिहिणाऱ्याचं नाव दिसायचं. दोन महिन्यांपूर्वी सगळा कोड नव्या जागी हलवला, त्या हलवाहलवीत जुनी नावं आणि तारखा गळून पडल्या. आता दादांच्या जुन्या ओळी आणि जावईबापूंनी आल्यापासून लिहिलेल्या ओळी एकात एक मिसळल्या होत्या, आणि सगळ्यांवर मंजूर करणाऱ्याचं, म्हणजे वहिनीचं नाव. जुनं मशीन केव्हाच भंगारात गेलं होतं.

"जावईबापूंनाच विचारू या," मास्तरीण म्हणाली, आणि विचारलंही. त्यांनी मोठ्या नम्रपणे यादी दिली. त्यात वहिनीच्या डोळ्यांसमोर, तिच्याच खुर्चीवर बसून दादांनी लिहिलेली ओळ जावईबापूंनी स्वतःच्या नावावर लावली होती.

"जावई खरा," वहिनी म्हणाली. "सासऱ्याच्या घरावर लगेच आपलं नाव."

शेवटी दोघी गुरुवारी जेवण झाल्यावर बसल्या. मास्तरणीने ओळ वाचायची, वहिनीने ओळखायची. खूप वर्षांनी तिच्यासमोर कोणी मोठ्याने कोड वाचत होतं.

"'साहेबांनी सांगितलं म्हणून केलं. पटलेलं नाही.'"

"त्यांची. आधीचे साहेब. महिनाभर बोलणं बंद होतं दोघांचं."

"'इथे हात लावाल तर रविवारी यावं लागेल.'"

"त्यांची. रविवारी मीच आले होते."

"'हे तात्पुरतं आहे.'"

"ही कोणाचीही असू शकते. सगळ्या जगाची आहे."

मास्तरीण हसली. काही ओळी अशा निघाल्या की वहिनी डोळे मिटून बसे आणि मग मान हलवे. नाही सांगता येत. त्या संशयाच्या ढिगात जात. तो ढीग वाढत चालला तशी ती गप्प होत गेली. इतकी वर्षं एका ताटाजवळ बसलेलं माणूस, आणि त्याचं बोलणं ओळखू येऊ नये?

"विश्रांतीची फाइल उघड," ती म्हणाली. "तिथली एक माझ्या खात्रीची आहे."

मास्तरीण हलली नाही. "ती शेवटी घेऊ."

"शेवटी का? उघड."

फाइल उघडली. मास्तरणीने ओळ वाचली, पण इतक्या हळू आवाजात, की वहिनीने तिच्याकडे वळून पाहिलं. मग चष्मा नीट बसवून पडद्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच तिने त्या ओळीच्या खालचा कोड वाचला. रात्रपाळी करून मध्यरात्रीनंतर उतरलेल्या ड्रायव्हरला किती तास विश्रांती द्यायची, त्याचा तो हिशोब होता. आणि तो नियम गेल्या वर्षी आला होता. आगारांच्या लोकांबरोबर त्याच्या बैठकीला ती स्वतः बसली होती. दादा तेव्हा नव्हते.

बाहेर कोणाच्या तरी टेबलावर फोन वाजला आणि थांबला.

"तुला माहीत होतं," वहिनी म्हणाली.

"तुम्ही दाखवलीत त्याच दिवशी कळलं."

"एरवी विचारलं नाही तरी सांगतेस. तेव्हा का नाही बोललीस?"

मास्तरीण नखं बघत राहिली. "त्या दिवशी तुम्ही डबा पूर्ण खाल्लात. कितीतरी दिवसांनी."

वहिनीला रडूही आलं नाही. फक्त सगळं अंग जड झालं, जिने चढून आल्यावर होतं तसं. खरं तर तेव्हाच कळायला हवं होतं. दमलीस का, असं दादांनी तिला सबंध संसारात कधी विचारलं नव्हतं. वाईट नव्हते, पण सुचायचंच नाही त्यांना. त्यांचं 'अगं' यायचं ते 'अगं, माझी पेन्सिल कुठेय' असं. त्यांचेच शब्द इकडून तिकडून गोळा करून यंत्राने ते बोलून टाकलं होतं जे त्यांना कधी जमलं नाही. आणि ते कोणासाठी बोललं? कोणासाठीच नाही.

ती पुन्हा पडद्याकडे वळली, आणि आता ती कोड वाचायला लागली, वाचायला हवा तसा. वाचता वाचता पुढे वाकली.

"हे बघ. मध्यरात्रीच्या आधी उतरला तर ठीक आहे. नंतर उतरला तर पुढे काय?"

मास्तरणीने पाहिलं. "काहीच नाही. जागा रिकामी सोडलीय."

"म्हणजे रात्री दोनला गाडी लावणाऱ्याला पहाटेची ड्यूटी लागू शकते."

"लागू शकते."

"पुढचं मी बघतो म्हणे." वहिनी हसली, पण ते हसू ऐकवत नव्हतं. "कोणी बघायचं होतं? आणि ढिगात हे मंजूर मी केलंय."

हा भाग पुढच्या महिन्यात आगारांत जायचा होता, तेवढं नशीब. मास्तरीण म्हणाली, "जावईबापूंना सांगते, दोन मिनिटांत भरतील."

"नको. सरक."

तिने आधी ती ओळ पुसली. एकेक अक्षर मागे जात जात, अगंपर्यंत. मग रिकामी जागा भरायला घेतली. बोटांची सवय गेली होती. साधा कंस विसरला, एकदा सगळं खोडून पुन्हा मांडावं लागलं, आणि मास्तरीण शेजारी बसून ओठ घट्ट मिटून होती, हे तिच्या स्वभावाला फार झालं. पण शेवटी उत्तर बरोबर आलं. दोघींनी ते उलटसुलट तपासलं. मध्यरात्रीनंतर उतरलेल्या ड्रायव्हरला आता पहाटे कोणी बोलावणार नव्हतं.

साहेब दारातून डोकावले. "वहिनी, मंजूर करायचं का?"

"करते. पण विश्रांतीच्या भागात भोक होतं, साहेब. माझ्या नावाखाली. बुजवलंय, पण बाकीचं पुन्हा वाचावं लागेल, आणि त्याला शुक्रवार पुरणार नाही."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. "किती दिवस?"

"लागतील तेवढे."

ते गेल्यावर मास्तरणीने संशयाचा ढीग दाखवला. "यांचं काय करू? यातली एखादी त्यांची असली तर?"

"असेल एखादी."

"मग ठेवू?"

वहिनीने मान मागे टेकवली. खिडकीबाहेर कोणाचे तरी कपडे वाळत होते, वाऱ्याने एकाच बाजूला झुकलेले. तिला इतकं दमल्यासारखं झालं होतं, की हो म्हणणं सोपं होतं आणि नाही म्हणणंही.

"ठेवलेली प्रत्येक ओळ मी रोज ओळखत बसेन," ती म्हणाली. "जाऊ दे. खात्रीच्या आहेत तेवढ्या माझ्याकडे पाठव. चार शिव्या आणि एक रविवार. तेवढे ते नक्की होते."

मास्तरणीने बटण दाबलं. पडद्यावरून ओळी सरसर निघून गेल्या.

"लेकीला सांगितलं होतं मी त्या ओळीचं," वहिनी म्हणाली. "आता तिला फोन करायला हवा."

"मी बाहेर जाऊ?"

"बस गं. तू असलीस तर बरं."

तिने फोन लावला. पलीकडे घंटा वाजायला लागली.