खुर्ची नको, अमीटर द्या!

आराबा डोंटोच्या पर्समध्ये त्या शनिवारी काय काय होतं म्हणाल, तर पाच स्क्रू-ड्रायव्हर, एक मल्टीमीटर, एक सोल्डरिंग आयर्न, पातळ तारेचं रीळ, दोन भिंगं आणि एक लाल लिपस्टिक. रुमाल घरीच राहिला होता. एवढी जड पर्स मांडीवर घेऊन ती बसच्या अगदी पुढच्या सीटवर बसली होती. वय एकाहत्तर, पण चेहरा असा की आता कुणीतरी शर्यतीची शिट्टी वाजवणार आणि ही सुटणार!

बसमधले बाकीचे सतरा जणही तिच्यासारखेच, ओडुम हॉलचे माजी विद्यार्थी. पन्नास-पन्नास वर्षांपूर्वी टेकडीवरच्या त्या विद्यापीठात एकाच वसतिगृहात राहिलेले. सगळ्यांनी एकाच हिरव्या कापडाचे कपडे शिवले होते, त्यावर सोनेरी ओडुमची झाडं छापलेली. लांबून बघितलं असतं तर वाटलं असतं, एक छोटं जंगलच सहलीला निघालंय.

आता या ओडुमवाल्यांची एक गंमत आहे. त्यांच्यात माणसाचं वय कुणी विचारत नाही, पदवीचं साल विचारतात. तुम्ही पुढे राजदूत व्हा नाहीतर न्यायाधीश, तुमच्याआधी एक वर्ष पास झालेला माणूस तुमचा सीनियर. तो म्हणाला, "ज्युनिअर, पाणी आण," की उठायचं. गुडघे दुखत असले तरी उठायचं. आराबा शहात्तर सालची. संघाचे अध्यक्ष क्वामेना आर्हिन त्र्याहत्तरचे. म्हणजे संपला विषय.

भांडण सुरू झालं होतं मार्चच्या सभेत. सेक्रेटरीने यादी वाचली, 'सत्तरीपुढच्या सभासदांसाठी समाजसेवेच्या संधी'. समितीवर बसणे. फीत कापणे. शाळेत बिस्किटं वाटणे. तरुणांना आशीर्वाद देणे.

आराबा उभी राहिली. "सीनियर, यातलं सगळं बसूनच करायचंय की!"

"मग काय, पोती उचलतेस?" आर्हिन म्हणाले. सगळे हसले.

"पोती नाही. मी चौतीस वर्षं सरकारी मापन-प्रयोगशाळेत मीटर दुरुस्त केले. मी निवृत्त झाले, माझे हात नाही झाले."

तिने पर्समधून एक पत्र काढलं. असुओमा गावातल्या मुलींच्या शाळेचं. भौतिकशास्त्राची शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा, बेचाळीस मुली, चौदा-चौदांच्या तीन तुकड्या. दर मुलीसमोर वीजप्रवाह मोजणारा एक अमीटर लागतो. कपाटात वीस आहेत आणि त्यातले चालतात फक्त पाच. नवे मागवले तर येईपर्यंत परीक्षा उलटून जाईल. ज्या मुलीसमोर मीटर नाही, तिने काय काटा डोक्यात कल्पायचा?

आर्हिन यांनी ओठ मुडपले. ते एका मोठ्या बँकेचे विभागप्रमुख होऊन निवृत्त झाले होते आणि अजूनही हो म्हणताना अटी घालायचे. "ठीक आहे ज्युनिअर. एक संधी. परीक्षेच्या दिवशी, सोमवारी, त्या मुलींसमोर चौदा मीटर चालले, तर पुढच्या वर्षीपासून प्रत्येकाने आपापल्या हुन्नराचं काम करायचं. नाही चालले, तर बिस्किटं. आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही."

"मंजूर," आराबा म्हणाली.

पण आर्हिन ते आर्हिनच! बसच्या टपावर तरीही बारा खोकी बिस्किटं होती, आणि मधल्या वाटेत ब्लँकेटमध्ये गुंडाळलेली एक काळी ग्रॅनाइटची पाटी. चकचकीत. त्यावर सोनेरी अक्षरांत संघाचं नाव, आणि त्याखाली आर्हिन यांचं, जरा जास्तच मोठं.

साडेनऊला बस शाळेत शिरली आणि आराबाने पर्स घट्ट धरली. मंडप! फुगे! निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा, समोर पांढरं कापड घातलेलं पाहुण्यांचं टेबल, ढोल, आणि इस्त्रीचे गणवेश घातलेल्या चारशे मुली.

ती पायरी उतरते न उतरते तोच दोन मुलींनी तिची पर्स काढून घेतली.

"अगं, अगं, ती माझ्याकडेच राहू दे."

"नाही आजी! एवढं जड तुम्ही कसं उचलणार? आमच्या घरी कळलं तर आई आमचे कान उपटेल."

पर्स गेली. आराबा खुर्चीत. हातात माल्टच्या थंड सरबताची बाटली.

प्रार्थना झाली. मग अध्यक्षांचा परिचय, अध्यक्षांचं अध्यक्षपद स्वीकारण्याचं भाषण, मुख्याध्यापिका मिसेस अग्येकुम यांचं स्वागताचं भाषण, नृत्य, मग आणखी एक प्रार्थना. आराबा उठली की मागून कुणीतरी खुर्ची सरकवायचं. पाणी हवंय का आजी? सावली हवीय का? बाथरूम? तिने तीनदा बाथरूम सांगून सटकायचा प्रयत्न केला. तिन्ही वेळा सहा मुली दारापर्यंत सोबत आल्या आणि हात धरून परत घेऊन गेल्या.

साडेअकराला ती सरळ उठून चालायलाच लागली. प्रयोगशाळा तिने येताना बसमधूनच हेरली होती. आत एक उंच, काटक मुलगी टेबलावर पंधरा मेलेले अमीटर रांगेत लावत होती. तिचं नाव एनाम. प्रयोगशाळेच्या चाव्या तिच्याकडे असायच्या आणि सोमवारी पहिल्याच तुकडीत तिची परीक्षा होती. पर्ससुद्धा तिथेच, टेबलाच्या कडेला. आराबाला इतका आनंद झाला की तिने पर्सचा मुकाच घ्यायचा बाकी ठेवला.

पहिला मीटर पालथा केला, एक स्क्रू काढला. दुसरा काढणार तेवढ्यात एनामने हळूच तिच्या हातातून स्क्रू-ड्रायव्हर काढून घेतला.

"आजी, तुम्ही नका करू. मी करते. तुम्ही बसा ना."

"तुला येतं?"

"नाही."

"मग?"

एनामचे डोळे भरून आले. "पण तुम्ही काम करताय आणि मी उभी राहून बघतेय, हे कुणी बघितलं तर? माझ्या आजीच्या हातात मी झाडूसुद्धा राहू देत नाही."

तेवढ्यात मिसेस अग्येकुम धावत आल्या. "अरे देवा! पाहुण्या, आणि त्यांचे हात काळे? मुलींनो, बघताय काय! मॅडम, चला, जेवण वाढलंय. मीटर काय, कुणीतरी बघेल."

"कोण बघेल?" आराबाने विचारलं.

मिसेस अग्येकुम यांनी तिला हाताला धरून पुन्हा मंडपातल्या खुर्चीत आणून बसवलं.

म्हणजे बघा! कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. चारशे मुली, बारा शिक्षिका, सगळे तिच्यावर नुसता मानाचा वर्षाव करत होते, आणि त्याच मानाखाली सोमवारच्या बेचाळीस जणी बुडणार होत्या. मंडपात आर्हिन जोलोफ भात खात होते. त्यांनी चमचा हलवला. "बस की आता, शहात्तर. म्हटलं नव्हतं मी? या वयात माणसाने शोभून दिसावं. काम करणारे वेगळे असतात."

आराबाने समोरचं ताट बाजूला सारलं. रागाने नाही. ती विचार करत होती. मीटर बिघडला की ती आधी काटा बघायची नाही, आधी बघायची, काटा अडलाय कशाला. इथे अडलंय कशाला? तर मानाला. आणि मान कशाने हलतो?

त्याहून मोठ्या मानाने!

पाहुण्यांच्या टेबलाच्या टोकाला, चाकाच्या खुर्चीत, बोएटेमा ओसाफो झोपल्या होत्या. साल बासष्ट. वय पंच्याऐंशी. एके काळच्या न्यायाधीश; त्यांच्या कोर्टात वकील घसा खाकरायलाही परवानगी मागायचे. आज मात्र सगळी भाषणं त्यांनी झोपेत ऐकली होती. आराबा त्यांच्या कानाशी वाकली.

"सीनियर, शहात्तरची आराबा बोलतेय. एक तक्रार आहे."

बोएटेमांनी एक डोळा उघडला. ऐकलं सगळं. मग दुसरा उघडला.

"मला माइक दे."

माइक आला. बोएटेमांनी तो दोनदा ठोकला आणि ढोल थांबले.

"ओडुम! बासष्ट बोलतेय. बासष्टच्या वरचं कुणी आहे इथे? असेल तर उभं राहा, मी माफी मागते."

कुणी उभं राहिलं नाही. राहणार कोण? त्यांच्या वरचे सगळे फोटोत गेले होते.

"छान. मग माझ्याखालचे सगळे ज्युनिअर उठा. सगळे! त्र्याहत्तर, तो भात खाली ठेव."

"सीनियर, मी अध्यक्ष..."

"कोणत्या सालचा?"

"...त्र्याहत्तर."

"मग भात खाली ठेव. आज शहात्तर सांगेल तसं करायचं. हा तिचा हुकूम नाही, माझा आहे. आणि मुख्याध्यापिकाबाई, तुम्ही माझ्या ज्युनिअरांच्या हातातलं काम काढून घेतलंत, तर तो माझा अपमान. चालेल?"

मिसेस अग्येकुम यांनी जोरजोरात मान हलवली. पंच्याऐंशी वर्षांच्या बाईचा अपमान? त्यापेक्षा त्या फुगे खाऊन टाकतील!

मग काय मजा आली, काही विचारू नका. सतरा हिरवे म्हातारे ओळीने प्रयोगशाळेत. आराबाने हाताच्या बाह्या वर केल्या. सोल्डरिंग करायला सपाट, न जळणारं काहीतरी हवं होतं. टेबलांना तर प्लास्टिक चिकटवलेलं.

"ती पाटी आणा," ती म्हणाली.

"कोणती पाटी?" आर्हिन यांचा आवाज बारीक झाला.

"ग्रॅनाइटची. तीच."

पाटी आली. सोनेरी अक्षरं खाली, गुळगुळीत पाठ वर. त्यावर आयर्न तापायला लागलं. आर्हिन यांच्या हातात सँडपेपर आला. हिरवट गंज चढलेली टोकं घासायची. एका माजी राजदूताने स्क्रू बशीत जपायचे. ज्यांना काहीच येत नव्हतं, त्यांनी फुंकर मारायची. डिसेंबरच्या वाऱ्याने आणलेली लाल धूळ मीटरच्या पोटात पुडीएवढी साचली होती. आणि मुली? म्हातारे काम करतायत आणि आपण बसायचं, हे त्यांना जमणारच नव्हतं. एनाम तर भिंग घेऊन आराबाला चिकटलीच.

"ही केसासारखी स्प्रिंग बघ. हिला बोट लावलंस तर मी तुला बोट लावीन."

"नाही लावत, आजी."

"हा मीटर का चालत नाही, सांग."

"तार तुटलीय. इथे."

"बघ, डोळे आहेत तुला! नुसते गणवेशाच्या इस्त्रीवर वाया घालवतेस."

उजव्या हातात आयर्न असल्यामुळे आराबाला सगळं डाव्या हाताने घ्यावं-द्यावं लागत होतं, आणि डाव्या हाताने देणं म्हणजे तर भांडणच. म्हणून ती दर वेळी म्हणायची, "डाव्या हाताची माफी." चाळीसेक वेळा झाल्यावर सगळी खोलीच एका सुरात म्हणायला लागली, "माफ केली!"

दोनला तीन मीटर चालले. साडेतीनला सहा. सोल्डर संपत आला. साडेचारला आठ. आधीचे पाच आणि हे आठ, तेरा.

बसच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

उरलेल्या सातांपैकी पाच तर मेलेच होते. कुणाची कॉइल जळालेली, कुणात मुंग्यांनी घर केलेलं. राहिले दोन. एकाचा काटा छान, पण आतलं सगळं काळं. दुसऱ्याचं आतलं ठीक, पण काटाच मोडलेला.

आर्हिन खोलीच्या दारात उभे. हात लाल, नाकावर गंज. "तेरा," ते म्हणाले. आणि गंमत म्हणजे त्यांचा आवाज खूश नव्हता. "एक कमी."

आराबाने आयर्न उचललं. आणि त्याचं टोक तारेवरून घसरलं. दिवसभरात पहिल्यांदाच. नुसता थकवा होता, दुसरं काही नाही. पण केसासारख्या स्प्रिंगला थकवा कळत नाही, ती तुटते.

तिने आयर्न खाली ठेवलं. खोलीभर नजर फिरवली.

"मला खुर्ची द्या," ती म्हणाली.

दिवसभर जिने एकही खुर्ची धड वापरली नव्हती, ती खुर्ची मागत होती. चार जणींनी चार आणल्या. आराबा एकीत बसली आणि आयर्नची मूठ एनामकडे वळवली.

"मी?"

"सकाळी स्क्रू-ड्रायव्हर कसा हिसकावून घेतलास? आता घे."

"पण चुकलं तर?"

"चुकलं तर तेराच राहतील. नाही चुकलं तर चौदा. यात घाबरण्यासारखं काय आहे, गणित तर तुझं पक्कं आहे."

एनामने श्वास आत घेतला. ड्रायव्हरने पुन्हा हॉर्न वाजवला. बोएटेमांनी चाकाच्या खुर्चीतूनच काठी उगारली आणि तो गप्प झाला. एनामने काटा उचलला, चिमट्याने, दुसऱ्या मीटरच्या पोटात उतरवला. आराबा हात मांडीवर घेऊन बसली होती, पण तिचे ओठ हलत होते: डावीकडे, थोडं, बास. एक लहानसा धूर आला. एनामने झाकण लावलं, बॅटरी जोडली.

काटा हलला नाही.

"टिचकी मार," आराबा म्हणाली. "हळू. लाडाने."

एनामने टिचकी मारली. काटा दचकला, झोपेतून उठल्यासारखा, आणि सरळ बरोबर आकड्यावर जाऊन थांबला.

मग जो आरडाओरडा झाला, त्यात राजदूताने बशीतले सगळे स्क्रू सांडले. एनामने मीटर आराबापुढे धरला, डाव्या हाताने, कारण उजव्यात अजून आयर्न होतं.

"डाव्या हाताची माफी, आजी."

"माफ केली!" चारशे जणी खिडकीतून ओरडल्या.

निघताना मुलींनी पाटी स्वच्छ पुसून आर्हिन यांच्यासमोर धरली. पाठीवर आयर्नचा एक तपकिरी डाग राहिला होता, काही केल्या निघेना. भिंतीवर लावायला सिमेंट तयार होतं. आर्हिन यांनी पाटीकडे बघितलं. मग टेबलाकडे.

"तिथेच राहू द्या," ते म्हणाले. "पालथी. कामाला येईल."

बस सुटली. बोएटेमा पुन्हा झोपल्या. आराबाने लिपस्टिक काढून खिडकीच्या काचेत बघत ओठांना लावली. मागून आर्हिन वाकले.

"ज्युनिअर, पुढच्या वर्षीचं ठरवायला लागेल. कुणाला काय काय येतं ते लिहून घे."

"तुम्हाला काय येतं, सीनियर?"

आर्हिन यांनी लाल झालेल्या तळहातांकडे बघितलं. "सँडपेपर," ते म्हणाले. "लिही."